भवानीच्या वेळचं ‘दिलं’

सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं परत जाणाऱ्या आणि मधल्या वेळात आमचं भलं कशात आहे ते ठरवून टाकणाऱ्या माणसांचा मला राग आहे. तो मी कधी लपवला नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पालघरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. फळ्यावर समवृत्ती वक्र काढायचा, पोरांनी तो वहीत वाकडा उतरवायचा, आणि परीक्षेत ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणजे काय’ या प्रश्नाला घोकलेली चार वाक्यं लिहायची, असं आमचं चाललेलं असायचं. माझं माहेर तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. आई सुकी मासळी विकायची. पहाटे गावातल्या बायकांबरोबर टेम्पोनं बोईसरला जायची आणि स्टेशनजवळच्या बाजारात रांगेत बसायची. स्टाफरूममध्ये एक सहकारी होते. मी आत आले की ते खिडकी उघडायचे आणि ‘आज वारं जरा बरं आहे’ म्हणायचे. सगळे हसायचे. मीही सुरुवातीला हसायची, मग हसणं सोडून दिलं.

बोईसरचे कारखाने तेव्हा दिवसेंदिवस वाढत होते. रसायनांचे टँकर बाजाराच्या रस्त्यातून जायचे, कुठेही आडवे उभे राहायचे. नाकाला झोंबणारा वास, हॉर्न, ड्रायव्हरांची हिंदीतली शिवीगाळ. या टँकरांसाठी गावाबाहेरून वळसा घालणारा रस्ता काढायचं सरकारी पातळीवर ठरलं. रस्त्याला दोन वाटा शक्य होत्या. एक वाट एका बड्या बागायतदाराच्या चिकूच्या वाडीतून जात होती. दुसरी आमच्या गावाच्या खळ्यावरून.

खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. जमीन सरकारी, पण पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वापरातली. पावसाळा सरला की बायका ती चोपून, सारवून सिमेंटसारखी घट्ट करायच्या. बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील लटकवायचे आणि खाली जमिनीवर जवळा पसरायचा. जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. त्याला कडक ऊन आणि स्वच्छ जमीन लागते. एवढीशी माती लागली की खाणाऱ्याच्या दाताखाली करकरतो आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. आमच्या घरात जे काही आलं, माझ्या कॉलेजच्या फीसकट, ते त्या खळ्यावर वाळून आलं. वडील दुसऱ्याच्या बोटीवर जायचे आणि जे मिळेल ते बंदरावरच संपवून यायचे. त्यांच्याबद्दल एवढंच पुरे.

रस्ता कुठून न्यायचा हे ठरवण्यासाठी मुंबईहून एक तज्ज्ञ नेमले गेले. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की सरांना स्थानिक मदत लागेल, तुम्ही त्याच भागातल्या आहात, विषयही तुमचाच. सर आले. चष्मा, खादीचा झब्बा, मराठी स्वच्छ. त्यांनी स्टाफरूममधल्या फळ्यावर आपली पद्धत समजावून सांगितली. ज्या वस्तूला बाजारभाव नाही तिची किंमत कशी काढायची? जिच्याकडे ती वस्तू आहे तिलाच विचारायचं. अमुक इतकं मिळालं तर सोडाल का? हो म्हणाली तर आकडा खाली आणायचा, नाही म्हणाली तर वर न्यायचा, आणि ती जिथे अडेल तो आकडा लिहून घ्यायचा. दोन्ही बाजूंच्या अशा आकड्यांची बेरीज करायची. जिथे माणसांचं नुकसान कमी, तिथून रस्ता. मंत्र्यांचा फोन नाही, बागायतदाराची ओळख नाही, फक्त लोकांना काय वाटतं ते.

मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू? आमच्या बायकांना आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. इथे निदान एक शास्त्र त्यांना विचारायला निघालं होतं. मी सरांना बजावून सांगितलं की बायकांना खळ्यावर भेटा, दुपारी, मासळी उलटून झाल्यावर त्या निवांत बसलेल्या असतात. मी स्वतः येते. ते म्हणाले, उत्तम.

आणि ते गेले सकाळी, बोईसरच्या बाजारात. मला न कळवता, आपले दोन विद्यार्थी घेऊन. का, तर सगळ्या बायका एका जागी सापडतात आणि दुपारची गाडी मिळते.

बागायतदाराकडे मात्र ते संध्याकाळी गेले होते, आदल्या खेपेला. मी बरोबर होते. ओटीवर झोपाळा, ताटलीत चिकूच्या फोडी. सरांनी आकडा सांगितला की तो गृहस्थ हसायचा आणि झोपाळ्याला पायानं झोका द्यायचा. आकडा वर जायचा. तो पुन्हा हसायचा. वाडी आजोबांनी लावलेली आहे, झाडांशी आपलं नातं आहे, असं काहीबाही मधूनमधून बोलायचा. शेवटी सर थकले आणि जो आकडा त्यानं फेकला तो त्यांनी लिहून घेतला. वाटेत मला म्हणाले की या माणसाची जमिनीशी भावनिक गुंतवणूक फार खोल आहे. त्याच माणसानं वाडीचा निम्मा तुकडा एका कारखानदाराला विकायला काढला होता, हे पालघरच्या रिक्षावाल्यांनाही माहीत होतं. मी तसं सांगितलं. सर म्हणाले की ऐकीव माहिती आकडेमोडीत घेता येत नाही.

बाजारात काय घडलं ते मला रविवारी घरी गेल्यावर आईकडून कळलं. तिला ती गंमत वाटत होती. सांगत होती, एक चष्मेवाला आलता, दोन पोरं घेऊन. माल घेतला नाय. खळं मागत होता. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

“काय बोलनार? भवानी व्हायची होती. बोलले, दिलं, जा.”

मी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती होईपर्यंत आमच्या बायकांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नाही. पहिलं गिऱ्हाईक जो भाव बोलेल त्याला कपाळाला आठ्या घालायच्या, पुटपुटायचं, पण त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. ‘दिलं’ म्हणायचं आणि मासळी पिशवीत टाकायची. ती नोट तराजूला लावायची, कपाळाला लावायची, की दिवस सुरू. पहिल्याला नाही म्हटलं की दिवसभर माशाही बसत नाहीत, असं त्या मानतात. अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्या काही बायकांना हे बरोबर कळलं होतं. त्या मुद्दाम पहाटे यायच्या, निम्म्या भावात सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, उचलायच्या आणि पाठ वळली की आईच्या अस्सल शिव्या खायच्या. नऊ वाजता त्यांनी त्याच सोड्यांना तोच भाव सांगितला असता तर आईनं त्यांच्यावर तराजू उगारला असता.

तर सर आणि त्यांचे विद्यार्थी उजाडताना पोचले आणि रांगेच्या एका टोकापासून विचारत गेले. एवढे मिळाले तर खळं सोडाल का? दिलं. बरं, एवढेच मिळाले तर? दिलं, दिलं, चल पुढं. ही पीडा टळावी आणि खरं गिऱ्हाईक समोर यावं म्हणून एकेक बाई आकडा खाली येईल तसा मान्य करत गेली. विद्यार्थ्यांना वाटलं, काय सहकार्य करतात या बायका.

मी सोमवारी सरांना मुंबईला फोन लावला. पोस्टातून ट्रंक कॉल, रांगेत उभं राहून. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात येतोच आहे, बोलू. आले. प्राचार्यांच्या खोलीत बसले. मी भवानीची रीत, आईचंच उदाहरण देऊन, सगळी समजावून सांगितली. आवाज चढू दिला नाही, याचं मला आज वाईट वाटतं. म्हटलं, आठ दिवस थांबा, खळ्यावर दुपारी या, हाच प्रश्न विचारा, बघा काय उत्तर येतं.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मॅडम, घड्याळाबरोबर बदलते ती पसंती नव्हे, लहर. लहरींवर धोरण बेतता येत नाही.”

मी म्हटलं, ही लहर नाही, ही बाजाराची रीत आहे. तुम्ही बाजारात जाऊन बाजाराची रीत न विचारता भाव लिहून आणलात. बागायतदाराला झोपाळ्यावर बसवून विचारलंत आणि यांना धंद्याच्या तोंडावर. यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि प्राचार्यांकडे बघत म्हणाले, “त्या रांगेत यांच्या मातोश्री बसतात. हे मला आधी सांगायला हवं होतं. यांचा हितसंबंध आहे.”

प्राचार्यांनी मान हलवली. बागायतदाराच्या देणगीतून कॉलेजची प्रयोगशाळा झाली होती, तो हितसंबंध मात्र कोणाला आठवला नाही. मी तसं बोलून दाखवलं. त्यानंतर मला त्या कामातून काढून टाकलं आणि प्राचार्य वर्षभर माझ्याशी फक्त चिठ्ठ्यांतून बोलले.

अहवाल झाला. खळं स्वस्त, वाडी महाग. रस्ता खळ्यावरून. आता एकच संधी उरली होती. गावच्या शाळेत लोकांचं म्हणणं ऐकायला एक अधिकारी येणार होता. आदल्या दिवशी मी खळ्यावर गेले. बायका जवळा उलटत होत्या. मी एकेकीला सांगितलं की उद्या फक्त एवढं म्हणा, आम्हाला प्रश्न कळला नव्हता, आम्हाला खळं सोडायचं नाही. बास. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीनं विचारलं, पण बोललेलं हाय ना? मी म्हटलं, असं बोललेलं धरत नाहीत. तिनं आईकडे बघितलं. आई वाकून जवळा चाळत राहिली.

शाळेत बाकांवर पुरुष बसले होते, बायका मागे जमिनीवर. पुरुषांना रस्त्याच्या कामावर रोजगार मिळेल असं कंत्राटदारानं कानात सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे त्यांना बोलायचं नव्हतं. नाहीतरी खळं बायकांचं. अधिकाऱ्यानं अहवालातला मजकूर वाचून दाखवला आणि सगळ्यांत वयस्क म्हणून आईला उभं केलं. विचारलं, तुम्ही असं म्हणाला होता का? मी भिंतीला टेकून उभी होते. मी तिच्याकडे रोखून बघत होते, लहानपणी ती माझ्याकडे बघायची तशी.

“भवानीला बोललेलं हाय,” आई म्हणाली. “दिलं म्हनजे दिलं.”

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. बाकीच्या बायका खाली बघत राहिल्या. सगळं चहा यायच्या आत आटोपलं.

घराच्या वाटेवर मी तिला नको ते बोलले. रस्त्यात उभं राहून बोलले, लोक बघत होते तरी. मी एवढी नोकरी पणाला लावून भांडले आणि तुला एक ‘नाही’ म्हणता आलं नाही? हरिश्चंद्राची वंशज लागून गेलीस का? ती चालत राहिली. मग म्हणाली की बाजारात शब्द मागं घेनाऱ्या बाईसमोर कोन बसतंय, आणि त्यो काय फुकट नेतोय काय, पैसे घेऊन येल तवा बगू. वाट पाहायची तिची तयारी होती. मला तिचा जितका राग आला तितका सरांचाही आला नव्हता. तो अजून थोडा शिल्लक आहे.

रस्ता झाला. पहिला टँकर गेला तेव्हा पुढाऱ्यांनी नारळ फोडला. बायकांना खाडीच्या बाजूची एक चिंचोळी पट्टी उरली, आणि तिच्यावर दिवसभर टँकरांची धूळ. जवळा करकरायला लागला. वसाहतीतल्या बायकांनी नेलेला माल परत आणून आईच्या पुढ्यात टाकला, दातांची तक्रार केली. रांगेतल्या दोघी-तिघी कारखान्यांत झाडू मारायला जाऊ लागल्या. आई बसत होती. मी घरी गेले की दर खेपेला विचारायची, त्यो गिऱ्हाईक आला काय? मी म्हणायची, सरकारी काम, उशीर लागतो. मलाही तसंच वाटत होतं.

पुढे केव्हातरी सर कॉलेजात व्याख्यानाला आले. विषय: सार्वजनिक धोरणात सूक्ष्म अर्थशास्त्राचा वापर. उदाहरण म्हणून त्यांनी आमचा रस्ता घेतला. तंत्रानं राजकारणावर मात केल्याचं उदाहरण. पडद्यावर नकाशा, खळ्याच्या जागी तिरक्या रेघा. खिडकी उघडणारे ते सहकारी पहिल्या रांगेत, खिडक्या सगळ्या उघड्या. प्रश्नोत्तराच्या वेळी मी उभी राहिले आणि विचारलं की त्या बायकांनी जो आकडा मान्य केला तो त्यांना कधी मिळणार आहे?

सर हसले. वर्गातल्या कच्च्या पोरीला समजवावं तसे म्हणाले, “तो द्यायचा नसतोच. ज्यांचा फायदा झाला ते इतरांचं नुकसान भरून देऊ *शकतील* की नाही, एवढंच तपासायचं असतं. शिवाय जमीन सरकारी. हे तुम्ही शिकवत असालच.”

शिकवत होते. पुस्तकातला तो परिच्छेद मला तोंडपाठ होता. भरपाई देता येण्याइतका लाभ असला की धोरण योग्य. भरपाई प्रत्यक्ष द्यावी की नाही हा वेगळा प्रश्न. सभागृहात कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले, कारण मला त्या माणसाला मारावंसं वाटत होतं. हे मी शब्दशः लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी घरी गेले. आई ओट्यावर बोंबील निवडत होती. तिनं विचारायच्या आधीच मी सांगितलं की पैसे येणार नाहीत. तिला वाटलं, या वर्षी येणार नाहीत. मी म्हटलं, कधीच नाहीत. त्यांच्या शास्त्रात विचारायचं असतं, द्यायचं नसतं.

तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. मी खोटं बोलते आहे की काय अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

“मंग इकलंच कुटं?” ती म्हणाली.

ती उठली आणि शेजारी गेली. तिथून पुढच्या घरी. मला वाटलं, गाऱ्हाणं सांगायला गेली असेल. थोड्या वेळानं बायका पाट्या घेऊन बाहेर पडल्या. पाट्यांत ओला जवळा, सकाळीच उतरलेला. त्या खाडीच्या पट्टीकडे वळल्या नाहीत. सरळ रस्त्यावर गेल्या. जिथे खळं होतं बरोबर तिथे थांबल्या, आईनं खराट्यानं डांबर झाडलं, पाटी ओतली आणि हातानं जवळा पसरायला लागली. बाकीच्यांनी पसरला. मी चपला काढल्या आणि कॉलेजच्या साडीचा पदर खोचून पसरायला बसले. डांबर चांगलं तापलेलं होतं.

टँकर येऊन थांबला. त्याच्या मागे दुसरा. ड्रायव्हर उतरला, माताजी हटाओ ये सब, माल लेट हो रहा है, म्हणाला. आई त्याला म्हणाली की जागा आमची हाय, इकलेली नाय. त्याला मराठी कळलं नाही, पण तो हात लावायला धजला नाही. नाक्यावरून हवालदार सायकलीवर आला. त्यानं आईला दोनदा दरडावलं, मग माझ्याकडे वळला.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या. सांगा की यांना.”

मी म्हटलं की यांनी भाव सांगितला होता, घेणाऱ्यानं पैसे दिले नाहीत, तेव्हा व्यवहार झालेला नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? हवालदाराला वाटलं मी त्याची टर उडवते आहे. त्यानं आम्हाला काठीनं कडेला ढकललं आणि ड्रायव्हरला हात केला.

टँकर जवळ्यावरून गेला. चाकांना चिकटून थोडा जवळा बोईसरच्या दिशेनं गेला, उरलेल्याचा डांबरावर ओला गुलाबी लगदा झाला. कोणी रडलं नाही. आईनं खराटा उचलला, तो लगदा ओरबाडून बाजूला केला, दुसरी पाटी ओढली आणि त्याच जागी ओतली. मागचा टँकर इंजिन चालू ठेवून उभा होता.